सात वर्षांच्या मुलाचा एक डोळा पुढे आलाय, डॉक्टर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगतात. करावी का? खर्च किती?

करा. याच आठवड्यात करा. तुमच्या सासऱ्यांनी एका पेशंटचं पाहून "गाठीला चाकू लावू नका" म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय, ते वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरी हेच शब्द होते.

ऐन सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या पोरीच्या डाव्या डोळ्याला सूज आली. डोळे आले समजून गावात ड्रॉप मिळाले. दुखत नव्हतं, पण पापणी उतरली आणि डोळा खाली-बाहेर सरकू लागला. नागपूरला न्यायचं म्हटलं तर भासरे म्हणाले, "गाठीले चाकू लावला का ते भडकते. शेजारच्या गावात तसंच झालं." यजमान मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. मी माहेरच्या भावाला बोलावलं आणि पोरीला घेऊन निघाले.

सीटी, एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीतली गाठ दिसली, पण ती कशाची हे तुकडा तपासल्यावरच कळलं: ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. लहान मुलांचा कॅन्सर, दिवसागणिक वाढणारा. पूर्वी यासाठी डोळ्यासकट सगळी खोबण रिकामी करत. आता व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिनसारखी किमोची औषधं आणि रेडिएशन देतात. खोबणीबाहेर पसरण्याआधी सापडला तर १० पैकी ९ मुलं वाचतात. किमोत पोरीचे केस गेले, तोंड आलं, जेवण तुटलं. ती आज शाळेत जाते, डोळा जागेवर आहे.

भासऱ्यांनी सांगितलेला तो माणूस मी नंतर चौकशी करून शोधला. त्याने गाठ वर्षभर अंगावर काढली होती, पसरल्यावरच दवाखाना गाठला. भासरे हे आजही मानत नाहीत. तुमच्या सासऱ्यांनाही विचारा, त्यांनी पाहिलेला पेशंट दवाखान्यात पोचला तेव्हा गाठ केवढी होती?

पुढे आलेला प्रत्येक डोळा कॅन्सरचा नसतो, हेही सांगते. सायनसचा पू खोबणीत उतरतो, डर्मॉइड नावाची जन्मजात साधी गाठ असते, मोठ्यांत बहुतेक वेळा थायरॉइडचा आजार निघतो. अश्रुग्रंथीची एक साधी गाठ तर तुकडा न घेता अख्खीच काढतात, तीही बहुधा मोठ्या माणसांत. कुठली गाठ कशी काढायची ते डोळ्यांचा सर्जन ठरवेल, सासरे नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग असेल तिथेच न्या. आणि सासऱ्यांनाही गाडीत बसवा, स्कॅन त्यांच्यासमोरच पाहू द्या.