टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीनं चाल करायची, अशी लढाई असलेल्या डिटेक्टिव्ह गेमची भीती वाटते का? बेळगावात जुन्या लॅपटॉपवर चालेल असा कुठला?

वाटते, आणि तुम्ही जे कारण देताय त्याच कारणानं वाटते. "आपली पाळी येईपर्यंत भूत हात बांधून उभं राहतं, मग घाबरायचं कशाला?" असं तुम्ही विचारलंय. मीही हेच म्हणायचो. पण भूत थांबलं की आपल्याला हिशेब करायला वेळ मिळतो, आणि हिशेब जुळत नाही हे कळायलाही.

'वर्ल्ड ऑफ हॉरर' खेळून बघा. पावेल कोझमिन्स्की या पोलंडच्या माणसानं तो केलाय. धंद्यानं दाताचा डॉक्टर, आणि चित्रं काढली ती साध्या एमएस पेंटमध्ये. २०२० साली अर्धवट रूपात विकायला आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. दिसायला ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरसारखा, दोन रंगांत. माझ्या नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक कार्ड नसताना मजेत चालला.

गोष्ट शिओकावा नावाच्या जपानी गावात घडते. पाच रहस्यं सोडवायची, प्रत्येकाची एक किल्ली, पाच झाल्या की दीपगृहाचं दार उघडतं. अंगातली ताकद आणि डोक्यातली शुद्ध, दोन्ही जपायचं. वर विनाशाचा टक्का असतो, तो शंभरला पोचला की खेळ खलास. वेळ काढलात तर तो चढतो. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यांच्या उधारीच्या वहीची आठवण झाली मला. आज भागवलं म्हणजे पुढच्या पानावर वाढवून ठेवलं.

लढाईत २०० एककांची एक पट्टी असते. काठी मारणं, वार चुकवणं, आडोसा घेणं, प्रत्येकाला ठरलेला वेळ लागतो. पट्टीत बसेल तेवढं ओळीनं रचायचं आणि मग सगळं एकदम घडताना बघत बसायचं. एकदा सुरू झालं की हुकूम मागे घेता येत नाही. नेम धरायचा नाही, बोटं पळवायची नाहीत, त्यामुळं हात पटापट चालत नसला तरी भागतं. भुतांना मात्र काठी लागत नाही. त्यांच्यासमोर वाकायचं आणि टाळ्या वाजवायच्या, पण किती आणि कुठल्या क्रमानं ते अंदाजानं शोधायचं. तोवर ते आपली शुद्ध खात असतं.

मी खानापूरजवळ राहतो. आषाढात पाऊस लागला की आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एका रात्री गेली तेव्हा माझी चौथी किल्ली व्हायची होती. चार्जिंग दिसावं म्हणून गेमची खिडकी लहान केली. खाली बॅटरीचा टक्का उतरतोय, वर विनाशाचा चढतोय, बाहेर कौलांवर पाऊस. मधे दोन्ही आकडे एकच झाले, ४४ की ४५. त्या वेळी पडद्यावर कुठलं भूत होतं ते आज आठवत नाही, आकडे आठवतात.

आता खोट सांगतो. डिटेक्टिव्ह म्हणून हा गेम कच्चा आहे. पुरावे जोडून गुन्हेगार ओळखायचा, असलं काही फारसं नाही. सांगतील तिथं जायचं, पुढचं नशीब. शिवाय सगळं इंग्रजीत आणि मजकूर भरपूर. पण बसचे कन्नड बोर्ड अंदाजानं वाचत मोठे झालेलो आपण, तेवढं जमून जाईल.

पार जुनं हवं असेल तर कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९८९ सालचा 'स्वीट होम' आहे. पाच माणसं एका वाड्यात अडकतात आणि मेलेला परत येत नाही. १९९६ चा 'रेसिडेंट ईव्हिल' हा गाजलेला भुताटकीचा गेम त्याच्यातूनच निघाला. पण 'स्वीट होम' जपानबाहेर अधिकृतपणे आलाच नाही, म्हणून आधी 'वर्ल्ड ऑफ हॉरर'च घ्या.

त्यातली सुरुवात शाळेतल्या कात्रीवाल्या बाईच्या रहस्यापासून करा, ते सगळ्यात सोपं. शेजाऱ्याच्या वाम माशांचं रहस्य मात्र जेवणाआधी नको. ते खेळलो त्याच आठवड्यात आईनं मलप्रभेचे मासे आणले होते. मी पिठलं मागितलं.