बाग म्हणजे वाटा

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. लँडस्केप आर्किटेक्चर शिकून त्या गावाकडं परत आल्यात आणि सोबतच्या मंडळींत सध्या जोरात वाद चालूय. एक जण म्हणतो आपण डिझाइनवाले, उतार, पाणी, माती, माणसांची ये-जा हे आपलं काम, झाडं सगळ्यात शेवटी. दुसरा म्हणतो पब्लिक स्पेस म्हणलं की राजकारण आलंच, नकाशा काढून मोकळं होता येत नाही. तिसरा म्हणतो क्लायंटला लॉन पाहिजे ना, द्या लॉन, घ्या बिल. आता या भांडणातून ताईंना आपल्या धंद्याला मराठी नाव पाहिजे. 'भूदृश्य वास्तुविशारद' चालेल का, का 'उद्यानरचनाकार' बरं? आणि जाता जाता विचारलंय, बाग 'तो' का 'ती'?

उत्तराआधी एक राग काढून घेतो. तुमच्या धंद्याचं नाव काय असावं हे बाजूलाच राहू द्या, पण तुमच्या कामाला सगळीकडं जे नाव पडलंय ना, 'सुशोभिकरण', ते ऐकून ऐकून कान किटलेत माझे. तळ्याचं सुशोभिकरण, चौकाचं सुशोभिकरण, स्मशानभूमीचं बी सुशोभिकरण. बोर्डावर तर भ ला काय वाट्टेल ती वेलांटी. भी दीर्घच पाहिजे, सुशोभीकरण, आणि का पाहिजे ते सांगतो कारण त्यातच मजा आहे. संस्कृतात च्वि नावाचा एक प्रत्यय आहे. पाणिनीनं तो सांगितला (अष्टाध्यायी ५.४.५०), त्यावरच्या वार्तिकानं, म्हणजे सूत्रावरच्या टिपणानं, अट घातली की तो 'अभूततद्भाव' असेल तिथंच लावायचा, म्हणजे जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं. शुक्लीकरण म्हणजे पांढरं नव्हतं ते पांढरं केलं. हा प्रत्यय स्वतः पूर्ण गायब होतो, मागं फक्त अ चा ई करून ठेवतो (७.४.३२). ती दीर्घ ई म्हणजे त्याचा एकमेव पुरावा, आणि आपण तोच पुसून टाकतो. आता अर्थ बघा. नदीचं सुशोभीकरण असं तुम्ही टेंडरात लिहिलं की नदीला आधी काही शोभा नव्हती असं व्याकरणानं लेखी देऊन बसता. काठावरचा करंज, खडक, धुण्याचा दगड, जनावरं उतरायची वाट, सगळं अशोभ. मग तिथं पेव्हर ब्लॉक, फायबरचं हरीण, रंगीत लाइट. शोभा आली. हिंदीवरून आलेलं 'सौंदर्यीकरण' तर अजून भारी, म्हणजे जागा सुंदर करत नाहीत, जागेचं थेट सौंदर्यच करून टाकतात. त्या तिसऱ्या गड्याला सांगा, तुझा धंदा च्वि प्रत्ययाचाय.

आता 'भूदृश्य'. हा शब्द चुकीचा नाही, पण चित्रकाराचाय. इंग्रजीत लँडस्केप आला तो सोळावं शतक सरता सरता, डच चित्रकारांच्या 'लांदस्खाप'वरून, तेव्हा त्याचा अर्थ डोंगरझाडीचं चित्र एवढाच. पण मूळ डच-जर्मन शब्दाचा अर्थ चित्र नव्हता, तो होता एखादा प्रदेश, तिथली माणसं आणि त्यांचे कायदेकानू धरून. आपल्याकडं त्याला अगदी बरोबर शब्द होता, मुलूख. म्हणजे मुलखाचं झालं चित्र आणि आपण भाषांतर केलं ते चित्राचं. 'दृश्य' म्हणलं की कुणीतरी लांब उभं राहून बघायलंय. तुमच्यातले अर्धे लोक कॉम्प्युटरवर संध्याकाळच्या उन्हातले जे गुळगुळीत फोटो काढून क्लायंटला दाखवतात, ज्यात मे महिना कधीच नसतो, तो सगळा 'दृश्य' या शब्दाचा प्रताप.

बरं, हे नाव धंद्याच्या बापालाच पसंत नव्हतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ साली ज्यांचा निवडला गेला त्या जोडीतला ओल्मस्टेड, त्यानं १८६५ मध्ये आपल्या जोडीदाराला, कॅल्व्हर्ट व्हॉक्सला पत्रात लिहिलं की या नावानं मला वैताग आणलाय, लँडस्केप हा चांगला शब्द नाही, आर्किटेक्चर हाही नाही, दोन्ही जोडून तर नाहीच, आणि गार्डनिंग त्याहून वाईट. दीडशे वर्षं उलटून गेली, लातुरात तेच भांडण.

आणि 'वास्तुविशारद' मध्ये तुम्ही 'भूदृश्य' जोडायलात कामून? संस्कृतात वास्तु म्हणजे घराची जागा सुद्धा, पाया घालायची जमीन सुद्धा. वस् म्हणजे राहणं, त्यावरून आलेला शब्द. इमारत एवढाच अर्थ आपण नंतर केला. कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' हे नाव नोंदणी असलेल्यालाच लावता येतं, लँडस्केपवाल्यांसाठी असा वेगळा कायदाच नाही, म्हणून नर्सरीवालाही कार्डावर लँडस्केप कन्सल्टंट लिहितो आणि तुमची चिडचिड होते. ती चिडचिड शब्दानं मिटणार नाही.

'उद्यानरचनाकार' नको. उद्यान शब्द आधीच दोघांनी धरून ठेवलाय. कृषी विद्यापीठात उद्यानविद्या म्हणजे फळं, फुलं, भाजीपाला. नगरपालिकेत उद्यान विभाग म्हणजे झोके, घसरगुंडी, पाण्याचा टँकर. मुळात उद्+या, बाहेर निघणं. गावाबाहेर हिंडायला जायची जागा ते उद्यान. कॉलनीच्या मधोमध चार गुंठ्यांत उद्यान हा शब्दाच्या दृष्टीनं विनोदच आहे, पण तो सोडून द्या कारण मला बागेवर यायचंय.

बाग. आपले बहुतेक कोश 'फारसी' असा शिक्का मारून पुढं जातात. त्यामुळं दोन टोळ्या तयार झाल्यात. एक भाषाशुद्धीवाली, जी दिसेल तिथं बाग खोडून उद्यान लिहिते. दुसरी व्हॉट्सॲपवाली, जी म्हणते की आपला 'भाग' चोरून इराण्यांनी 'बाग' केला. दोघांनाही अर्धवटच माहितीय. बाग हा भागाचा चोर नाही आणि पोरगाही नाही, सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत आणि इराणी भाषा एकाच घरातून फुटल्या, फुटताना इराणीनं भ चा ह काढून टाकला. भ्रातृ तिकडं बिरादर. भूमि तिकडं बूम. भार तिकडं बार, म्हणजे ओझं. अभ्र तिकडं अब्र, म्हणजे ढग. तसा भाग तिकडं बाग. अर्थ तोच होता, वाटा, हिस्सा. वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा, मग त्या तुकड्यावर लावलेली झाडं, मग नुस्ती झाडं. त्याच धातूवरून आपला भग, ऋग्वेदात वाट्याचं वाटप करणारा देव, आणि तिकडं बग म्हणजे देवच. बगदाद म्हणजे 'न्यायाची बाग' असं जे काही लोक ठोकून देतात ते सोडा, तो बहुतेक हाच बग, देवानं दिलेलं ते बगदाद.

मग मुघली बागांच्या आराखड्याला चारबाग म्हणतात, ते काय? कोशवाले आणि इतिहासवाले सांगतात चार बागा. मी म्हणतो चार भाग. ते म्हणतील शब्द बनला तेव्हा बागचा अर्थ बगीचा होऊन बसला होता, मान्य, पण प्रत्यक्ष जागेवर उभं राहून बघा की. बीबी का मकबरा बघितलाय ना, सगळ्यांनी बघितलाय, पण सगळे घुमटाकडं बघतात आणि ताजमहालाची कॉपी म्हणून हसून परत येतात. आग्र्यात कबर बागेच्या टोकाला, नदीच्या अंगाला. इथं मकबरा चारबागेच्या ऐन मधोमध. चारी बाजूंनी वाट, वाटेत पाण्याचे पाट, आणि त्या पाटांनी जमिनीची केलेली चौघांत वाटणी. भावाभावांत शेत वाटताना बांध घालतात, इथं बांधाच्या जागी पाणी. चार बागा म्हणजे चार वेगळ्या बागा तिथं नाहीतच, एकाच जमिनीचे चार वाटे आहेत. अर्थ फारसीत विसरला गेला असेल, आराखडा विसरला नाही. हे माझं मत, आणि मी ते सोडणार नाही.

अजून पुरावा पाहिजे तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं बोलणं ऐका. बाग चं फारसी अनेकवचन बागात, त्याचं आपण बागाईत, बागायत केलं. फारसी माणसाला बागात म्हणजे बगीचे. आपल्याकडं बागायतीत उसाचं फड आलं, गहू आला, एक गुलाब नाही. कशाला बागायत म्हणलं? ज्याला पाण्याचा वाटा आहे त्या जमिनीला. ज्याला नाही ती जिराईत. सातबाऱ्यावर विहिरीत अमुक आणे हिस्सा लिहिलेला असतो, पाण्याच्या पाळ्या लागतात, पाळी चुकली की भांडणं. बाग म्हणजे वाटा हा अर्थ इराणात मेला असेल, आमच्याकडं जमीन आणि पाण्याच्या हिशोबात परत उगवला. कोणी म्हणेल हा योगायोग. म्हणू द्या. जालन्या-पैठणकडचा मोसंबीवाला बाग ताणावर सोडतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडतो, मृग बहार धरायचा का आंबे बहार हे विहिरीकडं बघून ठरवतो, म्हणजे वाट्याला पाणी किती आलंय ते बघून. त्याला बाग चा मूळ अर्थ शिकवायची गरज नाही, तुम्हाला आणि मला आहे.

आणि इथंच तुमच्या डिझाइनवाल्या मित्राचं म्हणणं मला पटतं. संभाजीनगरच्या पाणचक्कीला जा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून हौदात पाडलं, त्याच्या जोरावर जातं फिरवलं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं, आणि तो हौद म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळं उन्हाळ्यात खाली गारवा. त्याच्याही आधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवताना नहर-ए-अंबरी, म्हणजे शहराला पाणी देणारी वाहिनी, खेळवली. यात शोभा शेवटी आपोआप आली, आधी पाण्याची वाटणी झाली. तिथल्याच हिमायत बागेत आज फळ संशोधन केंद्र आहे, म्हणजे निदान तिथं तरी बाग हा शब्द अजून काम करायलाय. आणि लातूर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या शहरात लॉन मागणारा क्लायंट आणि लॉन देणारा आर्किटेक्ट, दोघं मला सारखेच वाटतात. तसंही मराठवाड्यात 'लॉन्स' म्हणजे मंगल कार्यालय, हिरवळ असलीच पाहिजे असं काही नाही.

पब्लिक स्पेसवाल्याला पण हाच शब्द कामी येईल. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ती कुणाची? प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाचा त्यात भाग असतो, म्हणजे मी म्हणतो त्या अर्थानं ती बागच झाली, झाड असो का नसो. पण आपण तिला 'ओपन' म्हणतो, मोकळी, आणि मोकळी म्हणलं की कुणाचीच नाही असं वाटतं, मग तिथं आधी एक पत्र्याचं शेड येतं, मग सभामंडप, मग कुणाच्या तरी नावाची कमान. गायरानाचं तेच झालं. 'ओपन स्पेस' च्या बोर्डावर नुस्तं 'सगळ्यांचा वाटा' लिहिलं असतं तर निदान अतिक्रमण करणाऱ्याला कुणाचं खायलोय ते वाचता तरी आलं असतं. फारसी स्वर्गाचं बघा, फिरदौस, ज्या जुन्या इराणी शब्दावरून आला त्यात आपलाच 'परि' आहे आणि पुढचा भाग भिंतीचा, म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. तेव्हा सुद्धा स्वर्गाला कंपाउंड लागलंच.

तर नाव. बागवान म्हणायला मला लई आवडलं असतं, बागेची राखण करणारा, पण आपल्याकडं बागवान म्हणलं की फळांचा गाडा डोळ्यापुढं येतो. माळी म्हणावं तर तो मालेवरून, हार गुंफणारा, बागेशी त्याचं नातं फुलांपुरतं. भूदृश्यकार, स्थलशिल्पी, निसर्गरचनाकार ही नावं सत्काराच्या शालीवर शोभतात, साइटवर मुकादमाला हाक मारून बघा. लँडस्केप आर्किटेक्ट असं देवनागरीत लिहा, मुकादमाला कळतं, ठेकेदाराला कळतं, तहसिलात पण कळतं. मराठी नाव लोकच ठेवतील, तुम्ही काय करता ते त्यांना दिसलं की.

आणि तो का ती. फारसीत लिंगच नाही. दखनीत, हिंदीत तो. छापील मराठीत बहुतेक ती, अनेकवचन बागा. पण गावाकडं 'द्राक्षाचा बाग लावलाय' असं सर्रास ऐकायला येतं आणि ते चूक नाही, उगं पोरांच्या वहीत लाल रेघ मारू नका. भाग पुल्लिंगी आहे, त्याचा चुलतभाऊ पुल्लिंगी राहिला तर कुणाचं काय बिघडलं.