एस्टीमची डिकी: कुलूप फोडू नका, आधी स्पीकर काढा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी २००० सालची मारुती एस्टीम डोळ्यांसमोर आली. तुमचीही तीच गाडी, सौंदत्तीच्या यात्रेत किल्ल्या हरवलेल्या, आणि सीटजवळचा खटका ओढला तर सैल येतोय, डिकी ढिम्म हलत नाही. फरक एवढाच की माझं आरसी बुकही डिकीतच होतं. हसू नका. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टेपनीखाली ठेवलं होतं, जोडीला डुप्लिकेट किल्ली!

पुढचं दार किल्लीवाल्याकडून उघडून झालंय असं धरतो.

मी आधी शहाण्यासारखा एका सर्विस सेंटरला गेलो. नाव घेत नाही. किल्ली मागवून देतो म्हणाले, पण ओरिजिनल आरसी दाखवा. आरसी डिकीत, डिकीला किल्ली पाहिजे आणि किल्लीला आरसी पाहिजे. मग म्हणे हरवल्याची तक्रार आणा. पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, "कुठं हाय ते तुमास्नी ठावं हाय न्हवं? मग हरवलं कुठं?" त्याचं काही चुकलं नाही. परत काउंटरवर गेलो तर नवीन फाटा फुटला: गाडी एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरची, तुम्ही राहता बेळगावात टिळकवाडीत, कोल्हापूरला जाऊन विचारा. एका किल्लीसाठी शंभरावर किलोमीटर! चार दिवस गेले यात, आणि सांगणारा प्रत्येक जण खुर्चीत बसूनच सांगत होता.

पाचव्या दिवशी डोकं फिरलं. उद्यमबागेतल्या ओळखीच्या शॉपमधून छिन्नी-हातोडा आणला आणि डिकीचं कुलूप आत ठोकलं. ठण्ण आवाज झाला, कुलूप आत पडलं. डिकी बंदच. बाहेरून किल्ली घालतो ते नुसतं फिरवायचं साधन असतं हो. डिकी धरून ठेवते ती आतली कडी, म्हणजे खालच्या दांडीला पकडणारा जबडा. कुलपाची सळी त्या कडीला जोडलेली असते. कुलूप फोडलं की सळी निसटते, मग ओरिजिनल किल्ली मिळाली तरी उपयोग शून्य.

उघडली कशी? मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊ इंची स्पीकर होते. चार स्क्रू काढून एक स्पीकर उचलला. माझा दंड आत जाईना, म्हणून शेजारच्या दहावीतल्या पोराला बोलावलं. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्यात लांब स्क्रू ड्रायव्हर, जीभ बाहेर काढून तो कडीचा पत्ता, म्हणजे कडी सोडवणारी छोटी पट्टी, शोधत होता. मी बाहेरून डिकी दोन्ही तळव्यांनी खाली दाबून धरली. हे दाबणं विसरू नका, जुना रबर चिकटलेला असला की कडीवर ताण राहतो आणि पत्ता सरकत नाही. दहा मिनिटांत खट्ट. आरसी कोरडी निघाली, डुप्लिकेट किल्लीही मिळाली, पण डिकीला ती लावायला कुलूपच उरलं नव्हतं.

कुलपाच्या त्या भोकातून दोन पावसाळे पाणी गेलं. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. स्टेपनीच्या खड्ड्यात तळं साचायचं, शेवटी पत्रा कुजला आणि वेल्डिंग करावं लागलं. भोकावर चिकटपट्टी लावून भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तुमचा खटका सैल येतोय म्हणजे बहुधा खटक्यापासून कडीपर्यंत जाणारी वायर तुटली असेल किंवा टोकाला निसटली असेल. आधी दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी काढून बघा. आतली तार दिसली तर पकडीने धरून ओढा, दुसऱ्याला डिकी दाबायला लावा. नाही जमलं तर स्पीकर, आणि स्पीकर नसतील तर मागची सीट काढून पाठीमागून वाट मिळते का बघा. मी मिस्त्री नाही, माझ्या एका गाडीवरून सांगतोय. तुमच्याकडे पत्रा आडवा येत असेल तर जोर करू नका.

डिकीत एलपीजीची टाकी असेल तर मात्र ड्रिल, ग्राइंडर अजिबात नको. थेट गॅस किटवाल्याला बोलवा.

किल्लीसाठी डिकीच्या कुलपाला हात लावू नका. कुलपं मूळचीच असतील तर सगळीकडे एकच किल्ली चालते. किल्लीवाला डाव्या दाराचं कुलूप काढून आतल्या पातळ पत्र्याच्या पत्त्यांवरून नवी घासून देतो. आणि आरसी आता डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा, ती कायद्याने चालते. गाडी महाराष्ट्राची असून इकडे कर्नाटकात वर्षाच्या वर राहिली असेल तर एनओसीच्या (ना हरकत दाखल्याच्या) २८ नंबरच्या फॉर्मचं घोंगडं भिजत ठेवू नका, मी ठेवलं होतं.

मागच्या फळीवर स्पीकर आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलं नाहीत. असतील तर एखादं बारीक हाताचं पोर बघून ठेवा.