क्रियोंचं 'ओतेल' आणि मराठीतला वाडा

प्रश्न असा आलाय की पॅरिसमधल्या 'ओतेल द क्रियों'वरचा एक लेख मराठीत करायचाय आणि त्यातलं एक वाक्य काही केल्या जमत नाहीये. वाक्याचा अर्थ साधारण असा, की क्रियों घराण्याचं हे ओतेल पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे होतं आणि १९०९ मध्ये त्याचं हॉटेल झालं. मराठीत लिहायला गेलं की "हॉटेलचं हॉटेल झालं" असं काहीतरी होऊन बसतं. मग विचारणाऱ्यांनी स्वतःच पर्याय दिलेत: हवेली, महाल, कोठी, बंगला, पॅलेस, वाडा. यातला कुठला घ्यायचा?

वाडा घ्या, दुसरा कुठलाही नको. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल पण विषयच तसा आहे.

आधी ओतेल. फ्रेंचमध्ये याचा पहिला अर्थ उतरायची जागा असा नव्हताच. शहरात एखाद्या उमरावाचं किंवा बड्या श्रीमंताचं जे मोठं घर असायचं ते ओतेल, पूर्ण म्हणायचं तर 'ओतेल पार्तिक्युलिए', म्हणजे खासगी ओतेल. गावाकडचं, इस्टेटीवरचं घर असेल तर ते 'शातो', आणि राजधानीत दरबाराजवळ राहायला बांधलेलं असेल तर ओतेल. मूळ लॅटिन 'होस्पेस', ज्याचा अर्थ पाहुणा पण होतो आणि पाहुण्याला घरात घेणारा यजमान पण होतो, त्यावरून 'होस्पिताले', त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'ओस्तेल', मग मधला स गळाला आणि त्याची खूण म्हणून ओच्या डोक्यावर छोटं छप्पर राहिलं, ते आजही लिहितात. हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल ही तिन्ही भावंडं आहेत आणि मजा म्हणजे आपण मराठीत तिन्ही रोज वापरतो.

म्हणून पॅरिसच्या नकाशावर जागोजागी ओतेल दिसतं आणि आपला माणूस गोंधळतो. 'ओतेल द व्हील' म्हणजे नगरपालिकेची इमारत, तिथे खोली मिळत नाही. 'ओतेल देझँव्हालिद' हे चौदाव्या लुईने १६७० साली जखमी आणि म्हाताऱ्या सैनिकांसाठी सुरू केलेलं वसतिस्थान, नेपोलियनची कबर तिथेच आहे. 'ओतेल मातिन्यों'मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान राहतो. राष्ट्राध्यक्षाचा एलिझे पॅलेससुद्धा मुळात एका सरदाराने अठराव्या शतकात बांधलेलं ओतेलच. पिकासो म्युझियम ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'ओतेल साले', साले म्हणजे खारट, कारण ती बांधणारा माणूस मिठावरचा कर वसूल करायचा आणि लोकांनी त्याच्या पैशाची आठवण घराच्या नावात कायमची ठेवून दिली. मला हे नाव फार आवडतं, साडेतीनशे वर्षं झाली तरी पुसलं गेलेलं नाही.

मग खोल्या भाड्याने द्यायचा अर्थ कुठून आला? तर 'ओतेल गार्नी' म्हणून प्रकार होता, सामानसुमान लावून तयार ठेवलेलं ओतेल, ज्यात परगावचे लोक काही दिवस किंवा काही महिने राहायचे. तिथून हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीत उतरायच्या जागेसाठी रूढ झाला, आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. आपल्याकडे येऊन तो आणखी पुढे सरकला. मराठीत हॉटेल म्हटलं की पहिल्यांदा चहा, मिसळ, भजी डोळ्यासमोर येतात. "हॉटेलात जेवायला जाऊ" म्हणणारा माणूस मुक्कामाचं बोलतच नसतो, मुक्कामाला लॉज. आणि लॉजिंग-बोर्डिंग अशी पाटी असेल तर दोन्हीची सोय. म्हणजे एका शब्दाने सरदाराच्या घरापासून मिसळीच्या टेबलापर्यंत प्रवास केलाय, तेव्हा एकाच वाक्यात त्याचे दोन अर्थ कोंबले की वाक्य फुटणारच.

आता क्रियोंची गोष्ट थोडक्यात, कारण शब्द निवडायला ती लागते. पंधराव्या लुईने आजच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकाच्या उत्तरेला दोन जुळ्या इमारती उभ्या करायचं काम गाब्रिएल या आपल्या वास्तुविशारदाला दिलं, काम १७५८ च्या सुमाराचं. चौकाकडचा खांबांचा भव्य दर्शनी भाग राजाच्या हुकुमाप्रमाणे आणि पश्चिमेच्या इमारतीत त्या दर्शनी भागामागच्या जागा खासगी लोकांना. त्यातलं एक घर १७८८ मध्ये क्रियोंच्या काउंटने विकत घेतलं. पुढच्याच वर्षी क्रांती झाली, घर जप्त झालं, १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तो समोरच्याच चौकात. नंतर घर घराण्याला परत मिळालं आणि वंशज तिथे १९०७ पर्यंत राहिले. मग एका कंपनीने ते घेतलं, आतून बरंच बदललं आणि १९०९ मध्ये हॉटेल म्हणून उघडलं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या कराराचा मसुदा करणारी समिती १९१९ मध्ये इथेच बसायची. २०१३ ला दुरुस्तीसाठी बंद केलं ते थेट २०१७ ला उघडलं.

तर असं हे घर, याला हवेली का नको? उत्तरेत हवेली म्हणजे व्यापाऱ्याचं किंवा सरदाराचं मोठं घर, बरोबर आहे, जयपूरला सामोदच्या ठाकुरांची शहरातली हवेली हॉटेल झालीय ती या अर्थाने अगदी चपखल. पण मराठीत हवेली हा शब्द या अर्थाने आपल्या बोलण्यात फारसा नाही, तो गोष्टींतून, हिंदी सिनेमातून आणि हल्ली टूरिझमच्या जाहिरातींतून येतो. आपल्या व्यवहारात जिवंत आहे ती हवेली महसुलातली: पुण्याभोवतीचा हवेली तालुका. जुन्या महसुली भाषेत ठाण्याच्या, म्हणजे मुख्य गावाच्या, आसपासचा मुलूख तो हवेली. दादरा आणि नगर हवेली यातली हवेली पण तीच जातकुळी. पुण्यातल्या माणसाला "हवेलीत जमीन आहे" म्हटलं तर तो सात-बाराचा विचार करतो, झुंबरांचा नाही.

महालचं पण तसंच, हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ जागा, ठिकाण. महसुलात तालुक्याहून लहान भाग तो महाल, त्यावरचा अधिकारी महालकरी. आणि घरांच्या बाबतीत बघायचं तर पेशव्यांच्या वाड्यांत महाल हा वाड्याचा एक भाग असायचा, शनिवारवाड्यात गणेश रंगमहाल होता, आरसे महाल होता. म्हणजे आपल्या जुन्या वापरात वाडा मोठा आणि महाल त्याच्या पोटात. ताजमहालाने आपल्या कानाला उलटी सवय लावलीय, महाल म्हणजे स्वतंत्र राजेशाही इमारत अशी. पुण्यातला सगळ्यात मोठा सत्ताधारी ज्या जागेत राहायचा तिला पुण्याने वाडाच म्हटलं, राजाच्या घराला पण आपण राजवाडा म्हणतो, हे विसरायला नको.

कोठी मराठीत धान्याची, नाहीतर पूर्वीच्या व्यापारी कंपन्यांची वखार. घर या अर्थी ती हिंदीत. बंगला तर पूर्ण उलटा प्रकार. बंगल्याला मधे घर आणि चारी बाजूंनी मोकळी जागा, वाड्याला चारी बाजूंनी घर आणि मधे मोकळी जागा. एकदा हे लक्षात आलं की दोन्ही शब्दांची अदलाबदल करवत नाही.

पॅलेसबद्दल तर फ्रेंचांचीच गंमत ऐका. राजाचा खरा महाल त्यांच्याकडे 'पाले'. पण इंग्रजीतून 'पालास' हा शब्द त्यांनी वेगळा घेतला आणि तो फक्त अतिशय आलिशान हॉटेलसाठी ठेवला. २०१० पासून तर सरकारनेच पंचतारांकितच्या वरचा दर्जा म्हणून तो अधिकृत केला, क्रियोंलाही तो आहे. म्हणजे तिथे पालास म्हटलं की हॉटेल हे पक्कं, राजाराणी राहिलेत का हा प्रश्नच नाही. आपल्याकडे सगळं एकत्र होऊन जातं: मुंबईचं ताजमहाल पॅलेस १९०३ ला हॉटेल म्हणूनच उघडलं, तिथे कुठलंही घराणं राहत नव्हतं, आणि कोल्हापूरला रंकाळ्याच्या काठावरचा शालिनी पॅलेस राजकन्येच्या नावाने १९३० च्या दशकात बांधलेला, १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. दोन्हीकडे पाटीवर पॅलेस. तुमच्या लेखात सबंध मुद्दाच 'आधी घर, नंतर हॉटेल' हा आहे, तेव्हा घराला पॅलेस म्हटलंत तर आधीचं-नंतरचं वेगळं काढताच येणार नाही.

आता वाडा. संस्कृत वाट, वाटक म्हणजे कुंपण घातलेली जागा. वाड, वाडी, वाडा सगळे तिथलेच. म्हणून गुरांचा वाडा आहे, मुंबईत कोळीवाडा, कुंभारवाडा आहे, कोकणात वाडी आणि गोव्यात वाडो आहे. मोठ्या घराला वाडा म्हणताना त्यात ही वेढलेपणाची कल्पना आहे, श्रीमंती नंतर आली. आणि ओतेल पार्तिक्युलिएची रचना बघा: रस्त्याकडे उंच भिंत आणि तिच्यात घोडागाडी आत जाईल एवढा मोठा दरवाजा, आत गेलं की मानाचा चौक, चौकापलीकडे मालकाची मुख्य इमारत, तिच्या मागे बाग. 'चौक आणि बाग यांच्या मधे' असं त्यांच्याकडे या रचनेचं वर्णनच ठरलेलं आहे. मारे भागातलं ओतेल द स्युली याचा सुंदर नमुना, सां-आंत्वान रस्त्यावरून आत शिरायचं, चौक, मग घर, मग बाग, आणि बागेच्या टोकाला थेट प्लास दे व्होजमध्ये बाहेर. आपल्याकडे दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, सोपा, दिवाणखाना, मागे माजघर आणि परसू. तपशील वेगळे आहेत, लाकडाऐवजी दगड, तुळशीऐवजी कारंजं, पण रस्त्यावरून आतलं काही दिसू न देणारं आणि चौकाचौकाने पाहुण्याची पायरी ठरवणारं घर ही कल्पना दोघांची एकच. क्रियों स्वतः याचा आदर्श नमुना नाही, त्याचा दर्शनी भाग सरळ बाहेरच्या काँकॉर्द चौकावरच येतो कारण तो राजाने ठरवलेला होता, पण वर्ग तोच आणि आत अंगणं आहेतच.

आणखी एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. वाड्याला घराण्याचं नाव लागतं. विंचूरकर वाडा, गायकवाड वाडा, पुढे मालक बदलला तरी नाव बरेचदा टिकतं. ओतेल द क्रियों म्हणजे शब्दशः क्रियोंचा वाडा. हवेली, महाल, बंगला यातला कुठलाही शब्द लावून बघा, हा घराण्याचा सूर इतका सहज लागत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे, की मराठीत वाडा खेड्यातही असतो, देशमुखांचा, पाटलांचा, आणि ओतेल फक्त शहरात. त्यासाठी पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'पॅरिसमधला सरदारी वाडा' म्हणा, पुढे नुसतं वाडा पुरे. काहीजण 'नगरवाडा' सुचवतील, मला तो शब्द कृत्रिम वाटतो, कोणी बोलत नाही.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: "क्रियों घराण्याचा हा वाडा शंभराहून जास्त वर्षं त्यांच्याकडे होता, १९०९ मध्ये त्याचं आलिशान हॉटेल झालं." इथे 'आलिशान' ठेवाच, नाहीतर मराठी वाचकाला खाली चहाचं दुकान निघालं असंही वाटू शकतं. आणि विशेषनाम जसंच्या तसं ठेवा, 'ओतेल द क्रियों', त्याचं 'हॉटेल क्रियों' करू नका, कारण हे नाव हॉटेल होण्याआधीचं आहे आणि ओतेल लिहिलं की वाचक आपोआप थांबून विचारतो.

कोणी म्हणेल वाडा शब्द परक्या देशातल्या घराला चिकटवणं ओढूनताणून होतंय. मला तसं वाटत नाही, शब्द वापरला तरच रुंद होतो. उलट काळजी दुसरीच वाटते, की आपल्याच माणसांनी बांधलेल्या घरांवरून तो उतरत चाललाय. वाराणसीला दरभंगा घाटावर ब्रिजरामा पॅलेस नावाचं हॉटेल आहे, गंगेच्या काठावर चुनारच्या दगडातलं. ते घर बांधलं नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी, १८१२ च्या सुमारास, शेजारचा मुन्शी घाट त्यांच्याच नावाचा, आणि १९१५ मध्ये ते दरभंग्याच्या महाराजांनी घेतलं. पाटीवर पॅलेस असू दे, हॉटेलवाल्यांचा धंदा आहे. पण मराठीत त्याबद्दल लिहिताना "मुन्शींचा वाडा, जो पुढे दरभंग्याकडे गेला आणि आता हॉटेल आहे" असं लिहायला काय हरकत आहे? वाचकाला एका वाक्यात सगळा इतिहास कळतो.

जाता जाता, तुमच्या लेखात 'मेत्र दोतेल' पण येणार, त्याकडे लक्ष असू द्या. आज हा रेस्टॉरंटमधला मुख्य वाढपी, पण मुळात तो ओतेलाचा, म्हणजे वाड्याचा, सगळा कारभार बघणारा माणूस. १७८८ च्या क्रियोंबद्दलच्या परिच्छेदात आला तर सरळ 'कारभारी' लिहा, १९०९ नंतरच्यात आला तर हॉटेलातला 'मुख्य वेटर' किंवा फ्रेंच शब्द आहे तसाच चालेल.