वाचक विचारतात : काटोलहून इले-इफेला

प्रश्न : मुलगी बी.ए.ला इतिहास घेऊन शिकते आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा इतिहास उत्खननातून अभ्यासायचा म्हणते. आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरीला हे जमेल का?
– एक पालक, काटोल तालुका

उत्तर : जमेल, पण आफ्रिकेची घाई नको. योरुबांचे इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ अकिनवुमी ओगुंदिरान आधी नायजेरियातल्या इले-इफे या योरुबांच्या जुन्या शहरात शिकले, मग तिथल्याच इबादानला आणि पीएच.डी.साठी बॉस्टनला गेले. घरच्या मातीवर हात बसला, मग बाहेर पडले. मुलीनेही बी.ए.नंतर नागपूर विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. करावं. त्या काळात निदान दोन हंगाम उत्खननावर काढावेत. नुसत्या गुणपत्रिकेवर परदेशात अर्ज करणारे पुष्कळ असतात. खड्ड्यात उतरून मातीचे थर ओळखणारे थोडे.

तुमच्याकडची काळी माती त्यासाठी कडक मास्तर आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वरचं खापर भेगेतून हातभर खाली जातं. पावसात भेग मिटली की ते जुन्या थरातलंच वाटतं. म्हणून खापर उचलण्याआधी भोवतीच्या मातीचा रंग आणि पोत बघायचा. दक्षिण नायजेरियात अडचण वेगळी : माती आम्लधर्मी, हाडं विरून जातात, भिस्त खापरं, कोळसा आणि मण्यांवर.

मण्यांचा हात मात्र इथेच बसतो. काटोल रोडपासून जवळच्या माहुरझरीत अकीकासारख्या दगडांचे मणी घडत. इले-इफेतल्या इग्बो ओलोकुन या जागी काचेचे घडत. तिथल्या उत्खननात १२ हजारांहून जास्त मणी आणि काच वितळवायच्या मुशींचे तुकडे मिळाले. काचेत चुना आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भरपूर, आणि असं मिश्रण बाहेरच्या काचेत दिसत नाही, म्हणजे ती बाहेरून आणलेली नसून तिथेच बनलेली. असे मणी कधीकधी ज्वारीच्या दाण्याहून लहान असतात. चाळणी ५ मिलिमीटरची असेल तर ते मातीबरोबर ढिगाऱ्यावर जातात. २ मिलिमीटरचीच घ्यावी. मूस ब्रशने घासू नये, आतला काचेचा थर निघतो आणि तपासायला काही उरत नाही. कोळसा चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवावा. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. पेनची शाई ओलीत फुटते.

भाषेची तयारी एम.ए.लाच सुरू करावी. योरुबा सुरांवर चालते : ‘ओको’ म्हणजे सुरानुसार नवरा, कुदळ किंवा गाडी. राजघराण्यांच्या स्तुतिकवनांना ‘ओरिकी’ म्हणतात. आपल्या भाटांच्या वंशावळीसारखीच ती यजमानाकडे झुकतात, तेव्हा ती थरांशी ताडून बघावी लागतात.

प्रश्न : शेतात नांगरताना दगडी मणी निघाले. घरी ठेवले तर चालेल का?
– एक शेतकरी, कुही तालुका

उत्तर : नाही. निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तोवर मणी धुऊ नका, दोऱ्यात ओवू नका. जागेवर खुंटी ठोका, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि त्या सरीत पुन्हा नांगर घालू नका.