पटावरचे, पटलावरचे आणि पाटलांचे

अमळनेरच्या एका वाचकांचा प्रश्न असा : "पक्ष सांगतो तो सदस्यांचा आकडा एक असतो, आणि पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत मतदार म्हणून दिसतो तो दुसराच. पहिल्याला बातम्यांत कुणी 'पटसंख्या' म्हणतं, कुणी 'पटलावरील सदस्य'. बरोबर काय? आणि दुसऱ्या, खऱ्या आकड्याला मराठीत काय म्हणावं?"

'पटल' आधी निकालात काढू. पटल म्हणजे थर, आवरण, पडदा. विधानसभेत कागद 'पटलावर ठेवतात' ते सभागृहातलं टेबल. तेव्हा 'पटलावरील सदस्य' म्हणजे टेबलावर चढलेले मेंबर. असं अधूनमधून होतंही, पण बातमीदाराला ते म्हणायचं नसतं. त्याला 'पटावरचे' म्हणायचं असतं, आणि एक 'ल' जास्त लावला की भाषा वजनदार होते असा त्याचा समज असतो. जळगाव-धुळ्याच्या फलकांवरचं 'सदस्यता अभियान' त्याच जातीचं. 'ता' मराठीला वर्ज्य नाही, पण नागरिकत्व, नेतृत्व, सदस्यत्व ही आपली रांग ठरलेली आहे. त्याहून सोपं हवं तर 'सभासद नोंदणी' म्हणा. विकास सोसायटीत शंभर वर्षं तेच म्हणतात आणि कुणाचं अडलेलं नाही.

'पटसंख्या' मात्र मला पसंत आहे. शब्द शाळेचा. पटावर नाव आहे म्हणून पोरगं वर्गात आहे असं होत नाही, हे शाळेइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. म्हणून तिथे दोन शब्द आहेत, पट आणि हजेरी. पक्ष जाहीर करतो तो पट, अंतर्गत निवडणुकीत उतरते ती हजेरी. तुमचं उत्तर एवढंच. दोन्ही ताडून पाहण्यालाही शब्द तयार आहे : पटपडताळणी. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर शाळांची झाली तीच. पोरं या शाळेतून त्या शाळेत मोजली जाऊ नयेत म्हणून बोटाला शाई लावली होती, अगदी मतदानासारखी.

आता खरी गंमत. हा 'पट' आला कुठून?

कोशात 'पट' उघडला की पहिला अर्थ वस्त्र. एवढ्यावर आमचे पुण्याकडचे एक व्युत्पत्तिप्रेमी मित्र ठासून सांगतात की नोंदीचा पट म्हणजे लांब कापडावर लिहिलेली यादी. बुद्धिबळाचा पट कापडाचा, चित्रपटातला पट कापडाचा, म्हणून हजेरीपटही कापडाचाच. बरं. मग ताम्रपटाचं काय? तांबं कुणी विणलं आहे का?

ताम्रपट म्हणजे संस्कृत 'ताम्रपट्ट'. पट्ट म्हणजे पत्रा, फळी, पाटी, आणि त्यावरून त्यावर कोरलेला अधिकार. नोंदीचा पट या घरातला आहे, विणकराच्या घरातला नाही, असं माझं ठाम मत. पट्टाचा नियमाने 'पाट' होतो, जसा हस्ताचा हात आणि सप्ताचा सात. पट्टिकेची 'पाटी' झाली, जमिनीचा 'पट्टा' तसाच राहिला. मित्र विचारतात, मग 'पाट' व्हायचा तो 'पट' कसा राहिला? अहो, पटवारी कसा राहिला? पटवर्धन कसे राहिले? हे सगळे पट्टाचेच, आणि एकाचाही 'पाट' झालेला नाही. समासात आणि दप्तरी शब्दांत स्वर आखूड राहतो. नियम सगळीकडे सारखा लावायचा तर आधी पटवर्धनांना पाटवर्धन करून दाखवा, मग माझ्याकडे या.

आणि या घरातला थोरला मुलगा कोण? पाटील! माळव्याच्या परमार राजांनी दिलेल्या ताम्रपटांत गावकऱ्यांना उद्देशून मजकूर येतो, त्यात 'पट्टकिल' येतो. पट्टकिल, पट्टइल, पाटील. पट्ट ज्याच्या हाती तो पाटील. माळवा म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडचा शेजार, तेव्हा हा शब्द आपल्याला लांबून आणावा लागला नाही. जळगाव जिल्ह्यात कुठल्याही पक्षाची सभासद यादी उघडा, निम्मं पान पाटलांनी भरलेलं असतं. यादीचा धनी आणि यादीतली नावं एकाच धातूची! कापडाच्या सिद्धांतात ही मजा कुठे आहे?

असो. आकड्यांकडे वळतो, नाहीतर अमळनेरकर रागावतील.

पट फुगवायचा मोह जुना आहे. 1920 साली नागपूरला काँग्रेसची नवी घटना झाली आणि चार आणे वर्गणीचा सभासद आला. 1921 साली लक्ष्य ठरलं, एक कोटी सभासद. 1934 च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधींची संख्या नोंदलेल्या सभासदांशी बांधली गेली. हेतू चांगला, पण जास्त नावं म्हणजे जास्त प्रतिनिधी, आणि जास्त प्रतिनिधी म्हणजे जास्त मतं. 1936 साली आपल्या फैजपुरात पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, तेव्हा हेच हिशेब चालू होते. मग जानेवारी 1939 मध्ये सुभाषबाबू दोनशेवर मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले. त्यानंतर गांधीजींनी जे निवेदन काढलं त्यात पराभव आपला मानलाच, पण काँग्रेसच्या नोंदवह्यांत बोगस सभासद फार आहेत, त्या वह्या तपासा, असंही बजावलं. पटपडताळणीच मागितली की! अहिराणीत सांगायचं तर, कागदवर शे, गावमा नही.

निवडणुकीवरून खरा आकडा काढायचा तर आधी एक बघा : मत कोण देतं. सभासद थेट देत असतील तर मतदार यादी ही वरची मर्यादा आणि पडलेली मतं ही खालची. खरा जिवंत सभासद या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा पट एरवी कळत नाही. नेता निवडायची वेळ आली की पात्र मतदार किती ते सांगावं लागतं, आणि तेव्हाच झाकण उघडतं. 2022 साली 1,72,437, 2024 साली 1,31,680. दोन वर्षांत 40 हजारांवर नावं गळाली, आणि उरलेल्यांतून दोन उमेदवारांना मिळून मतं पडली 95,194. स्पेनच्या पीपल्स पार्टीचा किस्सा त्याहून भारी. पट सुमारे 8.69 लाख. 2018 मध्ये नेता निवडायला मत द्यायचं असेल त्याने आधी नाव नोंदवावं असं ठरलं. नोंदवलं 66,706 जणांनी. तेरांत एक!

उलटही घडतं. ब्रिटनच्याच लेबर पक्षाने 2015 मध्ये नेता निवडताना तीन पौंड भरणाऱ्या 'नोंदणीकृत समर्थकांना' मताचा हक्क दिला. मतदार यादी 5,54,272 वर गेली, त्यात हे तीन पौंडवाले एक लाखावर. त्या यादीला सभासदांचा पट म्हणणं चूक. कोण कुठल्या रकान्यात आहे ते पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये. सहकारी संस्थेत 'नाममात्र सभासद' वेगळा दाखवतात, मताचा हक्क नसलेला. शब्द किती प्रामाणिक आहे बघा.

आपल्याकडे अडचण वेगळी. काँग्रेसच्या 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीत 9,385 मतं पडली : खर्गे 7,897, थरूर 1,072, बाकी 416 बाद. पण ही मतं प्रतिनिधींची. यावरून सभासद मोजायला गेलात तर तुमच्या हाती सभासद नाही, संघटनेचा आराखडा लागेल. भाजपने 2019 मध्ये 18 कोटी सभासद सांगितले, आधीच्या मोहिमेत तर मिस्ड कॉलवर सभासद होता येत होतं. 2020 मध्ये अध्यक्ष बिनविरोध झाले. मतदानच नाही तर हजेरी घ्यायची कशी? तिथे फक्त पट आहे. म्हणून 'पटसंख्या' हाच त्या आकड्याला नेमका शब्द, आणि तो छापणाऱ्याने नकळत खरं छापलं आहे.

'खरे सदस्य', 'वास्तविक सदस्यसंख्या' असले शब्द घडवत बसू नका. सहकार कायद्यात 2013 च्या दुरुस्तीने 'क्रियाशील सभासद' आला : पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलेला आणि संस्थेच्या सेवा घेणारा. पक्षांनी तोच उचलला तर माझी हरकत नाही. 'सक्रिय सदस्य' म्हणतात, पण 2024 च्या भाजपच्या मोहिमेत तो व्हायला आणखी 50 जणांची नोंदणी करावी लागत होती. म्हणजे पट वाढवणारा तो सक्रिय.

गावात हजेरीपटाला आणखी जुना अहिराणी किंवा लेवा बोलीतला शब्द कुणाच्या कानावर असेल तर जरूर कळवा. कापडाचा सिद्धांत मात्र पाठवू नका, तो पुण्याहून येतच असतो.