पाच पुलाव आणि पोळी एकही नाही

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यंदा थँक्सगिव्हिंगचं (नोव्हेंबरातल्या गुरुवारचा अमेरिकन सण) पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं जेवण, आमच्याकडे आहे, पोराबाळांसकट १६ जणं, त्यात एक जैन फॅमिली आणि नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं अमेरिकन. मागच्या वेळी मैत्रिणीकडे "काहीही आणा" म्हटलं होतं तर पाच घरांतून पुलाव आला आणि पोळी एकही नाही. यावेळी एकीला ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही, एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्या दिवशीची टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) मीच करणारे, पहिल्यांदाच. लोकांना यादी दिली तर आगाऊपणा वाटेल का?

उत्तर: अगं, आगाऊपणा कसला! "काहीही आणा" म्हटलं की जो तो आपल्याला सोपं काय ते बघतो, म्हणून तर पुलाव. तू सरळ खातेवाटप कर, पण पदार्थ सांगू नको, नुसतं खातं सांग, सुकी भाजी एकीकडे, पोळ्या एकीकडे, गोड एकाकडे, आणि ज्यांना स्वयंपाक येत नाही (किंवा येतो असं फक्त त्यांनाच वाटतं) त्यांच्याकडे बर्फ, ज्यूस, पेपर प्लेट्स. वरण-भात घरीच कर, वरण गाडीत सांडतं.

आता अ‍ॅलर्जी. दाण्याचं कूट आपण कुठे कुठे घालतो आठव, कोशिंबीर, भरली वांगी, अळूची भाजीसुद्धा. इथे चिठ्ठ्या लावून भागणार नाही कारण एकच चमचा चार भांड्यांत फिरतो आणि लहान मुलं चिठ्ठ्या वाचत नाहीत, तेव्हा ग्रुपवर स्पष्ट टाक की यावेळी कोणाच्याच डब्यात दाणे नकोत, शेंगदाणा तेलही नको. ग्लूटेनची खरी गोम हिंगात आहे. बऱ्याच डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे तुझं साधं वरणही गेलं! डबीमागची बारीक अक्षरं वाच, ग्लूटेन-फ्री हिंग मिळतो. आणि तिला त्रास किती होतो हे तिलाच विचार, काहींना पोळीचे कण लागलेला चमचासुद्धा चालत नाही, मग तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढ.

जैन मंडळींसाठी कांदा-लसूण-बटाटा नसलेले दोन पदार्थ तरी हवेत. रताळं पण कंदच, त्यामुळे ती रताळ्याची कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) त्यांना नाही, वरच्या मार्शमॅलोत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं ते वेगळंच. ऑफिसवाले प्रेमाने स्टफिंग (टर्कीबरोबरचा ब्रेडचा पदार्थ) आणतील, त्यात मांसाचा तुकडा नसेल पण ब्रेड बहुतेक वेळा चिकन स्टॉकमध्ये (चिकन उकळलेल्या पाण्यात) भिजवलेला असतो, आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही, आधीच विचारलेलं बरं.

टर्कीचं काय, की ती फ्रोझन असेल तर फ्रिजमध्येच विरघळवायची, दर ४-५ पौंडांना एक दिवस. म्हणजे १२ पौंडांची टर्की गुरुवारसाठी रविवारीच फ्रीझरमधून खाली आली पाहिजे, बुधवारी रात्री आठवलं तर पिझ्झा मागवा. थर्मामीटर घे, सगळ्यात जाड भागात १६५ फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढू नको. ओव्हन तीनेक तास अडकणार, तेव्हा "तुमच्याकडे येऊन फक्त बेक करते" म्हणणाऱ्या मैत्रिणीला आजच नाही सांग. स्लो कुकर दोन-तीन चालतील, पण एअर फ्रायर आणि मायक्रोवेव्ह एकाच सर्किटवर एकदम लावलेस तर ब्रेकर पडणार आणि १६ माणसं अंधारात समोसे शोधणार. गप्पांच्या नादात जेवण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, भात तर नाहीच.

उरलेलं न्यायला दही-श्रीखंडाचे रिकामे डबे आत्तापासून जमव, नाहीतर तुझे स्टीलचे डबे दिवाळीपर्यंत परत येत नाहीत, आणि मी पुढच्या दिवाळीबद्दल बोलतेय.

प्रश्न: मी स्टुडंट आहे, किचन शेअर्ड, एकच बर्नर धड चालतो. सिनियरकडे ख्रिसमसच्या पॉटलकला काय नेऊ? चिप्स नेले तर वाईट दिसेल?

उत्तर: वाईट नाही, पण चिप्स आणखी चौघं आणणारच. तू काकडीची कोशिंबीर ने रे. त्या टेबलावर सगळं बेक केलेलं, चीजमधलं, जड असतं, काहीतरी आंबट-गार दिसलं की लोक तुटून पडतात. काकडी चोचवून एका डब्यात, दही दुसऱ्यात, तुपाची जिरं-मिरचीची फोडणी छोट्या बाटलीत, आणि मीठ मात्र तिथे पोचल्यावर वाढायच्या वेळीच घाल, आधी घातलंस तर नुसतं पाणी.